लाल परीच्या थीमची सायकल न विचारता बदलल्याबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
जुन्या सायकलींचे नूतनीकरण विभाग,
पुणे

विषय: वडिलांच्या जुन्या सायकलीचे काम ठरल्याप्रमाणे न केल्याबद्दल आणि परस्पर केलेल्या बदलांबद्दल.

महोदय,

पावडर कोटिंग (भट्टीत भाजून चढवायचा पावडरचा रंग) आणि अक्षरांच्या कामासाठी आपल्याकडे पाठवलेली माझी बावीस इंची सायकल गेल्या आठवड्यात कुरिअरने कराडला घरी पोहोचली. पूर्ण पैसे आगाऊ भरले होते. हातात आलेली सायकल मी दिलेल्या कामाची नाही. कस्टमर केअरला फोन केला तर समोरचे गृहस्थ म्हणाले, "सर, जुनीच तर होती, आता नव्यासारखी दिसतेय ना?" त्यांनी हे असे म्हटले म्हणूनच सविस्तर लिहितो आहे.

माझे वडील एसटीत कंडक्टर होते. कराड डेपोतून चिपळूणची पहिली गाडी घ्यायची असली की पहाटेच्या अंधारात ते याच सायकलवरून निघत. दांडीचे ब्रेक, डायनामो, पूर्ण चेनकव्हर, कॉटर पिनचे क्रँक, अशी जुन्या बांधणीची ती सायकल. ते निवृत्त झाले आणि सायकल पडवीत भिंतीला लागली. मी फिटर आहे. ती पुन्हा रस्त्यावर आणायची आणि आणायची तर एसटी म्हणूनच, असे घरात ठरले. वडिलांनी नोकरीची सगळी वर्षे ज्या गाडीत उभ्याने काढली, ती त्यांच्याच सायकलवर दिसावी एवढीच इच्छा होती.

यातले बहुतेक काम मी घरीच केले. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून हँडलपुढे लावायची मार्गाची पाटी केली. कॅरिअरवर तिकिटांच्या पेटीसारखी कप्प्यांची पत्र्याची पेटी बसवली. दांडीवर मुलीसाठी छोटी सीट आहे, तिच्यावर 'विधानसभा सदस्यांसाठी राखीव' असे लिहायचे होते. आणि घंटी. एसटीत कंडक्टरच्या डोक्यावरून दोरी जाते, एक ठोका म्हणजे थांबा, दोन ठोके म्हणजे चला. तीच सोय आम्ही सायकलवर केली. हँडलच्या पितळी घंटीपासून दांडीखालून कॅरिअरपर्यंत दोरी नेली, म्हणजे मागे बसणाऱ्याने ओढली की पुढे घंटी वाजते. दोरी चाकात जाऊ नये म्हणून दांडीच्या खालच्या अंगाला चार बारीक कड्या पितळेने डाखून घेतल्या. प्रत्येक कडीचे तोंड मी स्वतः कानशीने गुळगुळीत केले, नाहीतर दोरी घासून तुटते. कॅरिअरवर कोण बसणार यावरून आजोबा आणि नात यांची रोज भांडणे होत.

आपल्याकडे फक्त रंगाचे आणि अक्षरांचे काम दिले होते. चिमटा (पुढचे चाक धरणारा फोर्क) आणि मडगार्ड गंजले होते, घरच्या ब्रशने तो गंज झाकला गेला असता, निघाला नसता. पावडर भाजायला दोनशे अंशांच्या आसपासची भट्टी लागते, ती माझ्याकडे नाही. आपल्या जाहिरातीत 'तुमची थीम, आमची कारागिरी' असे लिहिले होते आणि जुन्या सायकलींचा विशेष अनुभव असल्याचे म्हटले होते, म्हणून शंभरएक मैलांवर सायकल पाठवली. सोबत सगळा मजकूर कागदावर ठळक अक्षरांत लिहून दिला, रंगाच्या नमुन्याला लाल पत्र्याचा तुकडा दिला, आणि ज्या भागांना हात लावायचा नव्हता त्यांना दोऱ्याने चिठ्ठ्या बांधल्या. त्याचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवले, त्यावर आपल्याकडून 'ओके सर, नोटेड' असे उत्तर आले. तो संवाद माझ्याकडे जसाच्या तसा आहे.

आता काय मिळाले ते पाहा.

चारपैकी तीन कड्या ग्राइंडरने उडवलेल्या आहेत. जिथे कड्या होत्या तिथे दांडीवर बोट फिरवले की खोलगट लागते, म्हणजे कडीबरोबर नळीचाही पत्रा खाल्ला गेला आहे. दोरी आणि घंटी परत आलेलीच नाही. विचारल्यावर कळले की 'ते काहीतरी जुगाड होते, काढून टाकले'. त्या कड्यांना चिठ्ठी बांधलेली होती आणि चिठ्ठीवर 'काढू नये' असे लिहिले होते.

फ्रेमच्या मानेवर कंपनीचा पितळी बिल्ला रिव्हेटने बसवलेला होता. सँडब्लास्टिंगच्या, म्हणजे वाळूच्या माऱ्याने जुना रंग-गंज काढण्याच्या, आधी रिव्हेट काढून बिल्ला बाजूला ठेवायचा, हे या धंद्यातल्या नवख्या पोरालाही माहीत असते. आमचा बिल्ला गायब आहे आणि रिव्हेटची भोके पावडरने बुजली आहेत. टायर, छर्रे, कॉटर पिना आजही कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळतात. तो बिल्ला मात्र बाजारात मिळत नाही. सीटखालचा फ्रेमचा नंबरही जाड थराखाली गेला आहे. सायकल चोरीला गेली तर पोलिसांना मी कोणता नंबर सांगायचा?

बी.बी. शेलच्या, म्हणजे पेडलचा आस ज्या नळीत बसतो तिच्या, आट्यांवर झाकण लावलेच नाही. आत पावडर जाऊन भाजली गेली आहे. उजव्या बाजूला उलटे आटे असतात, हे आपल्या जोडणी करणाऱ्याला माहीत नसावे, कारण छर्ऱ्यांचा कप सरळ फिरवून जोराने बसवायचा प्रयत्न झालेला दिसतो. पहिले दोन आटे चिरडले आहेत. कप अर्ध्यावर वाकडा अडकला आहे. क्रँक फिरवला की छर्रे करकरतात. सायकल घरी आल्यापासून ती एकदाही चालवता आलेली नाही.

रंग मी पाठवलेल्या तुकड्याच्या जवळपासही नाही. एसटीचा लाल साधा, ऊन खाल्लेला, ठाम लाल असतो. आपण चमचमता मरून दिला आहे. कस्टमर केअरच्या मते तो 'प्रीमियम शेड' आहे. मी प्रीमियम मागितला नव्हता, तुकडा दिला होता.

आणि अक्षरे. पाटीवर 'कराड - चिपळूण, मार्गे पाटण, कोयनानगर' असे हवे होते. आपल्या स्टिकरवर 'चपिळूण' असे आले आहे. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या अलीकडे न येता पलीकडे गेली आहे. जुने सॉफ्टवेअर देवनागरी नीट जोडत नाही, हे मला ठाऊक आहे. पण छापून झाल्यावर कोणीतरी एकदा वाचायचे असते. कुंभार्ली घाटातून वडिलांनी वर्षानुवर्षे जी गाडी नेली-आणली, तिच्या पाटीवर गावाचे नाव चुकीचे. त्यांनी पाटी वाचली आणि काही न बोलता घरात गेले.

मागच्या मडगार्डवर नंबर प्लेटच्या जागी '१ जून १९४८' लिहायचे होते. या दिवशी पुण्याहून अहमदनगरला पहिली एसटी सुटली. एसटीचा वर्धापनदिन तोच, आमच्या घरी तो आजही शिरा करून साजरा होतो. आपण '१ जुलै' छापले. चेनकव्हरवरचे 'बहुजन हिताय बहुजन सुखाय' वगळले, 'वाट पाहीन पण एसटीनेच जाईन' हेही वगळले आणि त्या जागी आपल्या कंपनीचे नाव, बोधचिन्ह व फोन नंबर चिकटवून वरून लॅकर मारला. माझ्या वडिलांच्या सायकलवर आपली जाहिरात लावायची परवानगी मी दिलेली नाही.

एवढ्यावर थांबले नाही. याच सायकलचे फोटो आपल्या पानावर 'आमची नवी लाल परी संकल्पना' म्हणून झळकत आहेत. पेटी मी केली, पाटी मी कापली, दोरीची कल्पना वडिलांची. दोरी आपण फेकून दिली आणि थीम मात्र आपली म्हणून सांगत आहात!

भरपाई म्हणून पुढच्या ऑर्डरवर दहा टक्के सवलतीचे कूपन आले आहे. ते मी नाकारत आहे. मला पुढे हवे आहे ते असे.

बिल्ला, घंटी आणि दोरी आपल्या वर्कशॉपमध्ये, भंगाराच्या पोत्यांसकट, शोधून परत पाठवावी. आपल्याकडे ब्लास्टिंगच्या आधी वस्तू कुठे ठेवतात हे मला माहीत नाही, पण पितळ कोणी कचऱ्यात टाकत नाही, ते कुठेतरी असणार. सायकल पुन्हा आपल्या भट्टीत पाठवायची माझी तयारी नाही. नळी आधीच पातळ झाली आहे, दुसऱ्यांदा ब्लास्टिंग तिला सोसणार नाही. आताचा थर रसायनाने उतरवून, आटे टॅपने साफ करून, कड्या पुन्हा डाखून साधा रंग मी इथेच कराडमध्ये करून घेईन. अक्षरे स्टिकरची नकोत, इथल्या पेंटरकडून हाताने लिहून घेईन. या सगळ्याचा खर्च आपण द्यावा आणि मी भरलेली पूर्ण रक्कम परत करावी. स्थानिक कारागिरांची अंदाजपत्रके सोबत जोडली आहेत, त्यात एक रुपयाही वाढवलेला नाही. फोटो आणि 'आमची संकल्पना' हा मजकूर लगेच काढावा.

ऑनलाइन व्यवहाराच्या २०२० च्या नियमांनुसार तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवे. आपण ऑर्डर आणि पैसे ऑनलाइनच घेतले आहेत, त्यामुळे हा नियम आपल्यालाही लागू आहे. तसे न झाल्यास ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे सेवेतील त्रुटीबद्दल सातारा जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. ग्राहकाला स्वतःच्या जिल्ह्यात दाद मागता येते, त्यासाठी पुण्याला हेलपाटे घालावे लागत नाहीत. १९१५ या ग्राहक हेल्पलाइन क्रमांकावर तक्रार आधीच नोंदवली आहे.

उत्तर लेखी द्यावे. फोनवर बोलायचे असेल तर ज्यांनी प्रत्यक्ष हे काम केले त्यांच्याशीच बोलेन. बिल्ला सापडला तर बाकीच्या हिशेबाची वाट न पाहता तो आधी पाठवावा.

आपला,
एक ग्राहक
कराड, जि. सातारा

सोबत: पावती, व्हॉट्सॲप संवादाच्या प्रती, कामाआधीचे व नंतरचे फोटो, मजकुराच्या कागदाची प्रत, स्थानिक कारागिरांची अंदाजपत्रके.