शपथेला अर्धं पान, आजाराला एक ओळ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत ब्रिटिश खासदारांच्या राजनिष्ठेच्या शपथेवर तुम्ही अर्धं पान दिलंत. मजूर पक्षाच्या क्लाइव्ह ल्युइस यांनी जुलै २०२४ मध्ये निषेध नोंदवून शपथ घेतली, राजाच्या वारसांचा उल्लेख गाळला आणि त्यांना परत येऊन ती पूर्ण घ्यावी लागली, हे त्यात सविस्तर आहे. त्याच सभागृहातल्या, बाथ मतदारसंघाच्या वेरा हॉबहाउस यांच्याबद्दल मात्र शेवटी एकच ओळ: त्या खाण्याच्या विकारांवरच्या उपचारांसाठीही बोलतात. मी हे पत्र त्या ‘ही’साठी लिहितोय.

शपथेचा विषय बिनमहत्त्वाचा आहे असं सोलापूरकर तरी म्हणणार नाही. १९३० च्या मे महिन्यात याच गावावर मार्शल लॉ लागला आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फासावर चढवलं. चार हुतात्म्यांचे पुतळे बघत मोठा झालेला माणूस परक्या राजाच्या निष्ठेला हसणारच. तुमच्या लेखात एक नाव राहून गेलं, ते जाता जाता सांगतो. चार्ल्स ब्रॅडलॉ नास्तिक होते. १८८० साली नॉर्थॅम्प्टनमधून ब्रिटिश संसदेवर निवडून आले, पण देवाच्या नावाने घ्यायच्या शपथेच्या भांडणात त्यांना रीतसर जागेवर बसायला १८८६ उजाडलं. हेच ब्रॅडलॉ १८८९ च्या काँग्रेस अधिवेशनाला मुंबईत आले होते. तिकडे आजही शपथ न घेता कामकाजात भाग घेतला तर ५०० पौंड दंड आहे आणि जागाही जाते. आपल्या घटनेत अशाच चुकीला दिवसाला ५०० रुपये. आपली शपथ राजाची नाही, संविधानाची, एवढा मोठा फरक आहे, आणि तो मला प्यारा आहे.

आता माझं सांगतो. मी मार्केट यार्डात ३१ वर्षं तोलार होतो. कांद्याच्या हंगामात पहाटेपासून काट्यापाशी. काटा खोटं बोलत नाही, पण सगळं खरंही सांगत नाही, हे तोलारालाच नीट कळतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये आपल्या जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या हातात ५१२ किलो कांद्याचा दोन रुपयांचा चेक पडला, तेव्हा सगळ्या देशाने ती हिशेबाची पट्टी पाहिली. त्यात वजन बरोबर होतं. हमाली, तोलाई, मोटारभाडं वजा झालेलं. (त्या कपातीत आमच्या धंद्याची तोलाईही होती, हे लपवत नाही.)

माझ्या नातीचंही वजन असंच बरोबर होतं. अकरावीत होती. आधी सोमवार धरला, मग गुरुवार, मग शनिवार. श्रावणात सिद्धेश्वराच्या दर्शनाला अनवाणी जायची. शेजारच्या बायका सुनेला म्हणायच्या, काय भाग्याची पोर आहे तुमची. मलाही अभिमान वाटायचा. आमच्या घरात उपवास करणाऱ्याला कुणी ‘जेवलीस का’ असं विचारत नाही, आणि तिला नेमकं तेच हवं होतं. रात्री मात्र डब्यातल्या कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणी संपलेली असायची. आम्ही धाकट्याला बोल लावला. मोरीचा नळ उशिरापर्यंत का चालू असतो, हेही कुणाच्या डोक्यात आलं नाही.

आजार सापडला तो दातांच्या डॉक्टरीण बाईंना: बुलिमिया, म्हणजे भरमसाट खायचं आणि मग ओकून टाकायचं. दाढ दुखते म्हणून नेलं होतं. वरच्या पुढच्या दातांची आतली बाजू झिजलेली पाहून त्यांनी मला बाहेर बसवलं, नातीशी एकटीशी बोलल्या, मग सुनेला आत बोलावलं. वारंवार ओकारी काढल्याने पोटातलं आम्ल दातावरचं कवच खातं, हे मला वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी कळलं.

तिथून एका दवाखान्यात गेलो. तिला काट्यावर उभं केलं, उंची घेतली, तक्ता पाहिला. वजन ठीक आहे, खाऊ-पिऊ घाला, लग्नाआधी पोरींना असले नाद असतात, असं ऐकून परत आलो. ती रिक्षात हसली. ते हसणं मला अजून आठवतं, कारण ती सुटली होती आणि आम्ही फसलो होतो. पुढे चार महिन्यांनी चक्कर येऊन पडली तेव्हा रक्तातलं पोटॅशियम इतकं उतरलं होतं की हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवावं लागलं. वजन तेव्हाही ‘ठीक’च होतं.

इंग्लंडमध्ये हाच झगडा चालू आहे. केवळ वजन-उंचीचं गुणोत्तर पाहून या रुग्णांचे उपचार ठरवू नयेत, असं तिथल्या ‘नाइस’ या, उपचार कसे करावेत हे सांगणाऱ्या सरकारी संस्थेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत लिहिलेलं आहे. मुलामुलींसाठी मुदतही ठरवलेली: तातडीचा रुग्ण असेल तर एका आठवड्यात, एरवी चार आठवड्यांत उपचार सुरू. नियम आहेत म्हणून सगळं होतं असं नाही; तसं असतं तर हॉबहाउस बाईंना सभागृहात तेच ते पुन्हा बोलावं लागलं नसतं. पण मुदत ठरलेली असली की निदान ती मोडली असं म्हणता येतं. आणि ज्या राजाच्या निष्ठेची शपथ तिकडे घेतात, त्याच्या पहिल्या पत्नीने, डायनाने, १९९५ साली टीव्हीवर आपल्याला हाच आजार असल्याचं सांगितलं होतं. तुमच्या लेखातले दोन विषय असे एकाच घरात होते.

आमच्या नातीवर उपचार पुण्यात झाले. सात महिने, दर पंधरवड्याला. सकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकडायची, संध्याकाळच्या हुतात्माने परत. ती गाडी कुणाच्या नावाची आहे हे नातीला ठाऊक होतं. चौघांची नावं तिने मला दौंडच्या आसपास म्हणून दाखवली. मुलाने किती रजा घातल्या, ते लिहीत नाही.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने सरकारी सेवेतून मानसिक उपचार मिळण्याचा हक्क प्रत्येकाला दिलाय. १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या, नंबरवर फोनही करता येतो. पण पोर समोर न जेवता बसली असताना फोनवर किती बोलणार? माझं म्हणणं एवढंच, की आपल्या जिल्ह्यातल्या आमदारांपैकी एकाने तरी विधानसभेत विचारावं: सोलापुरात या आजारासाठी आठवड्यातून एक दिवस, एक मानसोपचारतज्ज्ञ आणि एक आहारतज्ज्ञ एकत्र बसतील अशी ओपीडी कधी सुरू होणार? आणि तुम्ही त्या उत्तराला अर्धं पान द्यावं. आजाराला घरात बोलता येईल असा मराठी शब्दही शोधा. आम्ही घरात ‘खाण्याचं दुखणं’ म्हणतो.

माझं नाव-पत्ता सोबत दिलाय, पण छापू नये. पत्र पाठवण्याआधी नातीला वाचायला दिलं. तिने ‘छापू द्या आबा’ म्हटलं, फक्त मी तिच्या वजनाचे आकडे लिहिले होते ते पेनाने खोडले.

एक निवृत्त तोलार, सोलापूर