ब्रेक ऑइलकडं पण बघा की

संपादक महोदय,

पावसाळ्यात बेळगाव-गोवा रस्त्यावरच्या चोर्ला घाटातल्या खड्ड्यांवर सगळेच लिहितात, लिहायलाच पाहिजे, पण उतारावर आपल्या जुन्या गाडीचे ब्रेक कसे आहेत ते कोण बघतंय? माझी जुनी मारुती ८००, पेडल दोनदा दाबल्याशिवाय ब्रेकच लागेना, म्हणून गेल्या महिन्यात टिळकवाडीत घराच्या अंगणातच चाकं खोलून बसलो. मागच्या चाकाच्या ब्रेक ड्रममध्ये व्हील सिलिंडर, म्हणजे ऑइलच्या दाबानं ब्रेक लावणारा छोटा सिलिंडर, गळत होता आणि आतले रबर फुगून बसलेले, कारण आधी एका मेस्त्रीनं ते चक्क पेट्रोलनं धुतले होते! हे रबर ब्रेक ऑइलनंच पुसायचं असतं, पेट्रोल-ग्रीस लागलं की संपलं. दुसरं म्हणजे ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेतं, नवं डॉट ३ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) निदान २०५ डिग्रीपर्यंत उकळत नाही पण ओल शिरली की तेच १४० च्या आसपास येतं, मग घाटात सारखा ब्रेक दाबून ते तापलं की वाफ होते आणि पेडल थेट खाली जातं. आपल्याकडचा पाऊस बघता दोन वर्षांनी तरी बदला, दीडशे-दोनशे रुपयांसाठी कशाला जीव टांगायचा. ऑइल बदलल्यावर ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढताना ऑइलच्या डबीपासून लांबचं चाक आधी, आणि डबीतलं ऑइल संपू द्यायचं नाही, नाहीतर परत हवा शिरते, मी एकदा चहा प्यायला गेलो आणि सगळं पहिल्यापासून करावं लागलं. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवू नका, खाली स्टँड लावा. आमच्या पेपरात घाटाच्या बातमीखाली एवढं छापलं तर बरं होईल.

— एक वाचक, बेळगाव