पेंटर पाठवू नकोस, आधी भिंती वाळू देत

सांगली, ऑगस्ट २०२१

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालास पैसे टाकतो, कॉन्ट्रॅक्टर बघून ठेवलाय, गणपतीच्या आत पुट्टी, रंग सगळं उरकून घेऊया. मी नुसतं हं हं केलं कारण बाबा शेजारी बसले होते आणि त्यांनाही तेच पाहिजे, एकदा रंग लागला की पूर आला होता हे विसरायला मोकळे. म्हणून लिहून पाठवतेय. लांबलचक होणार आहे पण सगळं वाच, मधलं सोडून खाली उडी मारू नकोस, तुझी सवय माहितीये मला.

रंग आत्ता मारायचा नाही. पुट्टी तर अजिबात नाही.

२०१९ आठवतंय ना? कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५ ची. त्या वर्षी समोरच्यांनी दिवाळीच्या आत घर असं चकाचक करून घेतलं की आपलंच घर पुरात गेल्यासारखं वाटायचं. संक्रांतीला तिळगूळ द्यायला गेले तर हॉलभर रंगाचे फुगे आलेले, बोट लावलं की पोपडा हातात, आणि खालून ओल्या मातीचा वास. आपण मार्चमध्ये काम काढायचं ठरवलं होतं आणि नेमका लॉकडाऊन लागला, पेंटर नाही, गवंडी नाही, भिंती कित्येक महिने तशाच उघड्याबोडक्या. येणारा जाणारा टोमणा मारायचा (येणारे फार नव्हतेच म्हणा), पण त्यामुळेच आपल्या भिंती खडखडीत वाळल्या आणि नंतर मारलेला रंग परवा पाणी शिरेपर्यंत जसाच्या तसा होता. करोनाने आपल्यावर केलेला तेवढा एकच उपकार.

यंदा पाणी ५४-५५ फुटांपर्यंत गेलं, म्हणजे २०१९ पेक्षा कमी, पण आपल्या गावभागात त्याने काय फरक पडतोय, दोन्ही वेळा घरातच आलं. हॉलमध्ये पाण्याची रेघ खिडकीच्या खाली आहे पण ओल रेघेच्या वर हातभर चढलीय, कारण वीट पाणी वर ओढून घेते. जुन्या भिंती आजोबांच्या वेळच्या, चुन्यातल्या, त्यांच्यातून ओल हळूहळू का होईना बाहेर पडते. हॉलला मात्र नंतर सिमेंटचं प्लास्टर केलंय, त्याच्यामागे ती कोंडून बसते. म्हणून गवंड्याला बोलावून रेघेच्या वर दोन फुटांपर्यंत सगळं प्लास्टर फोडून घेतलं. व्हिडिओ कॉलवर बघून तू घाबरलास पण ते मुद्दाम केलेलं आहे.

विटांवर आता पांढरी पावडर फुटायला लागलीय, लोणा. तो कोरड्या ब्रशने झाडून टाकायचा, धुवायचा नाही, पाणी मारलं की क्षार परत आत जातो. आणि भिंत वाळली की नाही ते हात लावून कळत नाही. मी प्लास्टिकचा एक तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला लावून ठेवलाय, दुसऱ्या दिवशी बघितलं तर आतल्या बाजूला थेंब. थेंब येत आहेत तोपर्यंत वरून काहीही लावायचं नाही. अंदाज म्हणून इंचभर जाडीला महिना धरतात, आपली भिंत चौदा इंची, ती दोन्ही बाजूंनी वाळते तरी हिशोब तूच कर, आणि त्यात हा पाऊस. म्हणजे दिवाळीचंसुद्धा नाव काढू नकोस, उन्हाळ्यात बघू. आणि तेव्हाही खालच्या भागाला चुन्याचंच प्लास्टर करायचं, तो तुझा कॉन्ट्रॅक्टर वॉटरप्रूफ केमिकल म्हणेल, त्याला म्हणावं गच्चीला मार.

गाळाचं काम मात्र झालं. हे एकच काम असं आहे की त्यात घाई करायची. पाणी उतरत असतानाच बाबा आणि वरची पोरं फावडी, घमेली घेऊन उतरली, कारण पाणी असतानाच ढवळून ढकलला तर गाळ पाण्याबरोबर निघून जातो, एकदा वाळला की पहारीने फोडावा लागतो. बेडरूममध्ये कॉटखाली साप निघाला, सर्पमित्र येऊन घेऊन गेला, तुला सांगितलं नव्हतं. आम्ही गमबूट, हातमोजे घालूनच उतरलो, आणि पुराच्या पाण्यातून होणाऱ्या लेप्टोच्या तापावरच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून घेतल्यात, तेव्हा त्यावरून ओरडू नकोस. फरशी ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने पुसली. बाबा त्यातच संडासचं ॲसिड ओतायला निघाले होते, दोन्ही एकत्र झालं की विषारी गॅस होतो, मी जोरात ओरडले तेव्हा थांबले.

खालची पाण्याची टाकी पूर्ण उपसली, घासली, क्लोरीन टाकून भरून ठेवली आणि ते पाणीही सोडून दिलं. तरी प्यायचं पाणी उकळूनच.

आता लाईट. खालच्या मजल्याचा मेन अजून बंद आहे. बोर्ड बाहेरून कोरडे दिसतात पण भिंतीतल्या पाइपात पाणी आणि गाळ साठलेला असतो. इलेक्ट्रिशियनने एक बोर्ड उघडून दाखवला, सॉकेटच्या मागे चक्क चिखलाची वडी आणि तांब्याच्या तारेवर हिरवा थर. त्याला सगळ्या वायरी ओढून नव्या टाकायला सांगितल्यात आणि तुझे पैसे पाठवायचेच असतील तर ते इथे पाहिजेत. प्लग सगळे पाच फुटांवर घ्यायचे, दिसायला विचित्र दिसेल, दिसू दे. खालच्या आणि वरच्या मजल्याचं सर्किट वेगळं, म्हणजे परत पाणी आलं तर खालचं बंद करून वर निदान फोन चार्ज होतील. आणि शॉक लागायच्या आत लाईट तोडणारा तो ब्रेकर असतो बघ, तो बसवायचाच. वॉशिंग मशीनला कोणीही हौसेने प्लग लावून बघायचं नाही असं बाबांना बजावलंय. तुझी जुनी बाईकपण तशीच उभी आहे, किक मारू दिली नाही, इंजिनात पाणी गेलेलं असताना चालू केली की सगळं जातं. मेकॅनिक येऊन नेईल.

फर्निचरचं म्हणशील तर तुझं ते ऑनलाईन मागवलेलं वॉर्डरोब गेलं. पाण्यात भिजल्यावर पावासारखं फुगलं, दार हातात आलं. टीव्ही युनिटचीही तीच गत. आजीचं सागवानी कपाट मात्र उभं आहे, खण फुगून घट्ट बसलेत एवढंच. बाबा ते उन्हात काढणार होते, मी सावलीत ठेवायला लावलं, कडक उन्हात लाकूड तडकतं. खण ओढायचे नाहीत, वाळले की आपोआप सैल होतील. गाद्या सगळ्या रस्त्यावर टाकल्या, त्या परत वापरण्यात अर्थ नसतो. आता घ्यायचं ते लोखंडी नाहीतर दोघांना उचलून वर नेता येईल असं. प्लायवूड या घरात परत आणायचं नाही.

आणि फोटो. हे तुला सांगायचं राहून गेलं होतं. कपाटाच्या खालच्या खणात तीन अल्बम होते, कोयनेतून विसर्ग वाढवला म्हटल्यावर आम्ही धान्य, सिलिंडर, कागदपत्रं सगळं वर नेलं, तोवर तो खण फुगायच्या आत उघडायचं कोणाच्या ध्यानात आलं नाही. पाणी उतरल्यावर गवंड्याने मागची फळी काढून अल्बम बाहेर काढले. ओले असतानाच एकेक फोटो सोडवला, परातीत स्वच्छ गार पाणी घेऊन नुसता हलवून धुतला, वरून बोट न फिरवता, आणि दोरीवर कपड्यांच्या चिमट्यांनी टांगला. जो सुटत नाही तो ओढायचा नाही, पाण्यात ठेवायचा. आमच्या लग्नातले बरेच वाचले, माझ्या मावशीचा चेहरा तेवढा पूर्ण गेला. सगळं एका दिवसात होईना आणि बुरशी धरायला लागली, तेव्हा उरलेला अल्बम प्लास्टिकच्या पिशवीत बांधून वरच्या काकूंच्या फ्रीजरमध्ये ठेवलाय, गोठलं की बुरशी थांबते. तर तुझी मुंज सध्या मटारशेजारी आहे. काकूंना हसू आवरत नाहीये.

पंचनामा झाला. बाहेर काही फेकायच्या आधी प्रत्येक वस्तूचा फोटो काढलाय, पाण्याच्या रेघेपाशी टेप धरून पण काढलाय. विमा आपला नव्हता, आता उतरवायचाय. या एप्रिलपासून भारत गृह रक्षा म्हणून घराची पॉलिसी सगळ्या कंपन्यांना द्यावी लागते, त्यात पूर धरलेला असतो, वेगळा मागावा लागत नाही. तेवढं तू बघ, तुला ऑनलाईन कळतं.

घर विकून पुण्याला या म्हणतोस. पूररेषेच्या आतलं घर आज कोण घेणार आणि घेतलं तर काय भावाने, याचा विचार केलास का? बरं, भाव आला तरी बाबा वखारभागातल्या त्यांच्या मित्रांशिवाय पुण्यात चौथ्या मजल्यावर काय करतील. २००५ ला आलं, २०१९ ला आलं, आता आलं, परत येणार हे मला माहितीये. म्हणून तर प्लग वर घेतेय. खालच्या मजल्यावर यापुढे झोपाळा, खुर्च्या आणि चपला, स्वयंपाकघर वरच्या खोलीत नेऊया असं माझ्या मनात आहे, बाबांना अजून बोलले नाहीये, तू आलास की आपण दोघं मिळून बोलू.

गणपती वरच बसवायचा, मखर साधंच. खालच्या भिंती बघून कुणी नाक मुरडलं तर मुरडू दे. येताना दोन चांगले फिरते पंखे घेऊन ये, इथे दुकानात मिळत नाहीयेत, वरून एक्स्टेंशन सोडून हॉलमध्ये लावू. आणि सुनबाईला सांग तिची खालच्या माळ्यावरची पैठणी सुखरूप आहे, पाणी तिथपर्यंत गेलं नाही.

तुझी,
आई

ता. क. त्या कॉन्ट्रॅक्टरला ॲडव्हान्स दिला असशील तर आजच परत माग.