कार्योत्तर परवानगी झाडाला मिठी मारणाऱ्यांनाही द्या

प्रति,
मा. पर्यावरण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

सविनय नमस्कार. गेल्या आठवड्यात झाडतोडीला विरोध करणाऱ्या आमच्यापैकी सात जणांच्या हातात नोटिसा पडल्या. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम १६८. पोलीस ठाण्यात अजून जुन्या फौजदारी संहितेच्या सवयीने 'एकशे एकोणपन्नासची' म्हणतात. मजकूर ठरलेला: आपणाकडून दखलपात्र गुन्हा घडण्याची शक्यता आहे, घडल्यास हीच नोटीस आपल्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरली जाईल. गुन्हा घडलेला नाही, झाडं उभी आहेत, पुरावा मात्र तयार आहे. सरकारी काम वेळेच्या इतकं आधी होताना एरवी दिसत नाही. त्याबद्दल आधी अभिनंदन.

सोबत तोंडी सल्लाही मिळाला, जो आपणही नेहमी देता: विरोध करा, पण कायद्याच्या चौकटीत राहून करा. मग ही चौकट एकदा नीट मोजून घेऊ.

नागरी भागातल्या झाडांसाठी १९७५ चा झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम आहे. त्यात वृक्ष अधिकाऱ्याने स्वतः झाडाची पाहणी करायची, वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्यायची आणि झाडावरही सूचना लावायची असते. प्रत्यक्षात काय होतं? जागेला आधी चारी बाजूंनी निळे पत्रे लागतात आणि सूचना आतल्या झाडाला लागते, तीही आतल्या बाजूला. ए-फोर कागद, चार खिळे. (वृक्ष संरक्षणाच्या कायद्याची सूचना झाडाला खिळे ठोकून लावायची कल्पना कुणाची, ते एकदा कळवा.) पहिल्या पावसात शाई उतरते, कागद लोंबायला लागतो, बुंध्यावर रंगवलेला लाल आकडा तेवढा उरतो. हरकतीसाठी सहसा सात दिवस. त्यातले दोन सूचना कुठे छापली ते शोधण्यात आणि एक झाडांची यादी मिळवण्यात जातो.

परवानगी मिळाल्यावर पंधरा दिवस झाडाला हात लावायचा नाही, हेही याच कायद्यात आहे. ही मुदत दयेपोटी दिलेली नाही. ज्याला दाद मागायची आहे त्याला न्यायालयापर्यंत पोचता यावं म्हणून ती आहे. पण पंधरा दिवस मोजायचे कुठून? २०१९ मध्ये मुंबईच्या आरेत, मेट्रोच्या कारशेडसाठी झाडं तोडताना, नेमकं हेच झालं. परवानगीवर तारीख १३ सप्टेंबरची, म्हणून २८ ला मुदत संपली, असा मेट्रोवाल्यांचा हिशेब. परवानगी संकेतस्थळावर आत्ता दिसली, हे आंदोलकांचं म्हणणं. ४ ऑक्टोबरला उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती सुरू झाल्या. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने 'जैसे थे' म्हटलं, तोवर दोन हजारांहून अधिक झाडं आडवी झाली होती. 'जैसे थे' म्हणजे बुंधे जैसे थे. त्या रात्री अटक झालेल्या २९ जणांनी जे केलं त्याला तुम्ही बेकायदा म्हणता. आम्ही विचारतो, त्या रात्री कायद्याच्या चौकटीतलं कोणतं दार उघडं होतं? न्यायालयाचं दार सकाळी उघडतं, करवत रात्री चालते. झाड ही अशी गोष्ट आहे की निकाल बाजूने लागला तरी परत लावता येत नाही.

आणि 'पुनर्रोपण करू' हे सांगू नका. झाड हलवायचं तर आधी काही आठवडे, मोठं असेल तर काही महिने, भोवती टप्प्याटप्प्याने चर खणून मुळं छाटावी लागतात, म्हणजे आतल्या गोळ्यात नवी तंतुमुळं फुटतात. मातीचा गोळा बुंध्याच्या व्यासाच्या साधारण दहापट लागतो. दोन फुटी बुंध्याचं झाड असेल तर गोळा वीस फुटांचा होतो. तो रस्त्यावरून न्यायचा कसा? म्हणून जेसीबीवाला चार-पाच फुटांचा गोळा उचलतो, फांद्या सपासप उडवतो, आणि दुसऱ्या टोकाला खड्ड्यात खुंट उभा करतो. खोडात साठलेल्या अन्नावर त्याला महिन्याभरात पालवी फुटते. तेवढ्यात फोटो निघतो. पुढच्या उन्हाळ्यात पान वाढतं, मूळ पाणी पुरवत नाही, झाड वरून वाळत येतं. तेव्हा फोटोवाला नसतो.

२०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरच्या झाडाला 'वारसा वृक्ष' केलं, तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी रोपं लावून ती सात वर्षं जगवायला सांगितलं आणि दोनशे किंवा अधिक झाडांचा प्रस्ताव राज्य वृक्ष प्राधिकरणाकडे नेला. कागदावर उत्तमच. पण वय ठरतं छातीच्या उंचीवर मोजलेल्या घेरावरून. गुलमोहर भराभर फुगतो, बकुळ वर्षानुवर्षं तेवढीच राहते. एकच टेप दोघांना लावली की साठ वर्षांची बकुळ कागदावर तिशीत येते. आणि एकाच रस्त्याचे दोन टप्पे दाखवले की आकडा दोनशेच्या खाली जायचा. यात कुणी कायदा मोडला? कुणीच नाही. चौकटीतच आहे सगळं.

आता खरं दुखणं. केंद्राच्या २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे मोठ्या प्रकल्पाला काम सुरू करण्याआधी पर्यावरण मंजुरी लागते. ती न घेता ज्यांनी काम उरकलं त्यांच्यासाठी २०१७ ची अधिसूचना आणि २०२१ चं कार्यालयीन ज्ञापन आलं. आधी बांधा, मग मंजुरी. सर्वोच्च न्यायालयाने १६ मे २०२५ रोजी हे रद्द केलं. सहा महिने आम्हाला वाटलं, कायदा सगळ्यांना सारखा आहे. १८ नोव्हेंबर २०२५ ला तो निकाल दोन विरुद्ध एक अशा बहुमताने मागे घेतला गेला, कारण जवळजवळ वीस हजार कोटींची सार्वजनिक बांधकामं पाडावी लागली असती. न्यायालयाचा आदर आहेच. पण साधं भाषांतर असं होतं की मोडायचाच तर कायदा वीस हजार कोटींनी मोडावा. काँक्रीट ओतून नियम मोडला तर कार्योत्तर परवानगी, झाडाला हात पसरून मोडला तर कार्यपूर्व नोटीस!

शिक्षाही बघा. पर्यावरण संरक्षण कायद्यात १९८६ पासून पाच वर्षांपर्यंत कैद होती. केंद्राच्या २०२३ च्या जनविश्वास कायद्याने ती काढली, १ एप्रिल २०२४ पासून तिथे दहा हजार ते पंधरा लाख रुपये दंड आहे. नदीत रसायन सोडणाऱ्या कंपनीला पंधरा लाख म्हणजे किरकोळ खर्चाच्या खात्यातली एक ओळ. करवतीसमोर बसणाऱ्याला मात्र भारतीय न्याय संहितेचं कलम १३२, म्हणजे लोकसेवकावर हल्ला, दोन वर्षांपर्यंत कैद, अजामीनपात्र. धक्काबुक्कीत कुणाचा कोपर कुणाला लागला एवढ्यावर ते लागतं. जोडीला २२३, आदेशाचा भंग. यात गंमत अशी की २२३ ची दखल न्यायालय संबंधित लोकसेवकाच्या लेखी तक्रारीशिवाय घेऊ शकत नाही, आणि पोलिसांनी नुसतं दोषारोपपत्र ठेवलं तर ती टिकत नाही. ठाण्यात हे माहीत असतं. तरी कलम लागतं, कारण शिक्षा हा हेतूच नसतो. तारखा हीच शिक्षा. खटला चालू असेपर्यंत पासपोर्टसाठी न्यायालयाची परवानगी काढा, नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत 'गुन्हा प्रलंबित' असा शेरा घ्या. आमच्यातल्या पोरांची उमेदीची वर्षं या शेऱ्याखाली चालली आहेत.

'मग काय वाटेल तो कायदा मोडायचा?' नाही. आमचीही चौकट आहे, आणि तुमच्यापेक्षा कडक आहे. तोंड न झाकता, नाव सांगून, अंगावर हात न उचलता, आणि पोलीस आल्यावर पळून न जाता. यंत्रात वाळू घालणं, करवत चालवणारा जखमी होईल असे खिळे खोडात ठोकणं, हे आम्हाला मान्य नाही. तो मजूरही रोजंदारीवरच आलेला असतो. महामार्ग तासन्‌तास अडवणंही पटत नाही. अडकलेल्या रुग्णवाहिकेचा त्या झाडाशी काय संबंध? जी कृती नुकसान करणार आहे तीच थांबवावी, तीही दाद मागायला लागतील तेवढेच दिवस. यावर आमच्यातच भांडणं होतात, धरणाविरुद्धच्या मुळशी सत्याग्रहातही साधनांवरून झालीच होती.

बाकी कायदेभंग या राज्याला नवा नाही. उरण तालुक्यातल्या चिरनेरला २५ सप्टेंबर १९३० रोजी लोकांनी जंगलाचा कायदाच मोडला होता, गोळीबार झाला, माणसं गेली. त्यांना आपण हुतात्मे म्हणतो, हार घालतो. त्यांनी मोडलेला १९२७ चा वन कायदा दुरुस्त्यांसह अजून लागू आहे. म्हणजे हुतात्मेही तुमचे आणि कायदाही तुमचाच.

गुन्हे मागे घेण्याचं आश्वासन तर प्रत्येक सरकार देतं. सभागृहात टाळ्या पडतात, दुसऱ्या दिवशी मथळा येतो, आणि तारखेला वॉरंट निघतंच. कारण घोषणेने खटला मागे जात नाही. सरकारी वकिलाने नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६० खाली अर्ज करायचा आणि न्यायालयाने संमती द्यायची असते. त्यात आमचा उत्साह नडतो. पाठिंब्याला आलेला आमदार आरोपींच्या यादीत असेल तर २०२१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार त्याच्यावरचा खटला उच्च न्यायालयाच्या परवानगीशिवाय मागे घेता येत नाही. तो दहा मिनिटं येतो, फोटो काढतो, आणि बाकीच्यांची फाइल त्याच्याबरोबर अडकते.

मागण्या कमीच आहेत. पंधरा दिवस परवानगी संकेतस्थळावर चढेल त्या दिवसापासून मोजा. सूर्यास्तानंतर तोड नको, न्यायालयात अर्ज दाखल असेल तर अजिबात नको. सूचना पत्र्याच्या बाहेर लावा, दोरीने बांधा. आणि जी फाइल कार्योत्तर मंजुरीच्या टेबलावरून जाते त्याच टेबलावर आमच्या नोटिसाही ठेवा.

ही नोटीस आम्ही सही करून घेतली आहे. खाली उत्तरासाठी जागा ठेवलेली नव्हती, म्हणून इथे लिहिलं. नोटिशीत लिहिलेल्या ठिकाणी आम्ही असूच. करवती दिवसा पाठवा.

आपले,
नोटीसधारक सात नागरिक