शेऱ्याच्या रकान्यात लिहिलेला प्रश्न

काका,

विज्ञानात १०० पैकी ६३ पडले. हे तुम्हाला तोंडावर सांगायचं होतं म्हणून मार्कलिस्ट आणि पेढ्यांचा पुडा घेऊन आइस फॅक्टरीवर आले, तर तुमच्या खुर्चीत दुसराच मुलगा. मासेमारी बंद झाली तशी तुम्ही गावी गेलात आणि काम सोडलंत, एवढंच त्याला ठाऊक. फोन लावला तर नंबर बंद. पेढे मग त्यालाच दिले. बिचारा काही न कळता दोन खाऊन मोकळा झाला.

म्हणून इथं लिहितेय. तुम्ही मोबाइलवर काही वाचत नाही हे मला माहीत आहे, पण तुमचा कुडाळचा भाचा वाचतो. तो वाचून दाखवील. नाव मात्र लिहीत नाही. तुम्हाला ते आवडायचं नाही, आणि फॅक्टरीच्या मालकाला तर त्याहून नाही.

बाकी वाचणाऱ्यांसाठी सांगते. काका बंदरावरच्या बर्फाच्या फॅक्टरीत मशीन बघायचे. मी देवगडच्या बाजूला बंदरावर मासे घेते आणि विकते. पहाटे लिलावात उभं राहायचं, बांगडा मिळो की सुरमई, बर्फात भरायची आणि टेंपोत चढवायची. शाळा नववीत सुटली होती. चाळिशीला आल्यावर सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसले. हौस म्हणा, खाज म्हणा.

शाळा सुटण्याची कारणं घरात होती तशी वर्गातही होती. विज्ञानाच्या सरांनी एकदा फळ्यावर तीन चौकोन काढून त्यात ठिपके भरले. स्थायूत ठिपके दाटीवाटीनं, द्रवात जरा मोकळे, वायूत कुठेही. मी हात वर केला. आमच्याकडे थंडीत खोबरेल थिजतं. बाटली जरा उन्हात ठेवली की पातळ झालेलं वर येतं आणि थिजलेलं तळाला राहतं, हे मी रोज वेणी घालताना बघत होते. मग बर्फ पाण्यावर का तरंगतो? ठिपके दाट असतील तर तोही बुडायला हवा ना?

सर म्हणाले, "मासळीबाजारात जाऊन विचार." वर्ग हसला. मी जास्तच बोलते म्हणून उरलेला तास बाहेर उभी. आमच्या वाडीतल्या पोरांना 'मासळीबाजार' म्हणणं म्हणजे काय, ते ज्यांना ऐकावं लागलंय त्यांना कळेल. पुन्हा कधी हात वर केला नाही.

यंदा क्लास लावला तिथेही तेच, फक्त गोड आवाजात. फी मोजून घेतली आणि सांगितलं, "ताई, तुम्हाला पासिंगपुरतं हवंय ना? व्याख्या पाठ करा." स्थायूला ठरावीक आकार असतो आणि ठरावीक आकारमान असतं. द्रवाला आकारमान असतं, आकार नसतो. वायूला दोन्ही नाही. झाली पाठ. खोबरेल तळालाच आणि बर्फ वरच.

आता तो दिवस. नारळीपौर्णिमा नुकतीच झाली होती. जेट्टीवर हातगाडीवरून बर्फाची एक लादी सुटली आणि थेट पाण्यात. दोन होड्यांच्या मध्ये डुलत राहिली. वीत-दीड वीत जाड लादी, पण पाण्यावर जेमतेम दोन बोटं दिसत होती, बाकी सगळी खाली. खलाशी हसत होते, कोण आकडा टाकतोय, कोण टाकणाऱ्याला शिव्या घालतोय. मी तिथंच उभी होते आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "पण हो बर्फ बुडना कित्या नाय?"

तुम्ही गाडीमागून धावत आला होतात, लादीच्या काळजीनं. थांबलात. माझ्याकडे बघितलंत. मला वाटलं, आता हसणार. चोवीस वर्षं मी त्या हसण्याची वाट बघत होते असं म्हटलं तरी चालेल.

तुम्ही म्हणालात, "बाय, माका म्हायत नाय. उद्या सांगतंय."

आणि नुसतं म्हणून सोडलं नाहीत. मशीनघरात गेलात, मी बर्फाचे पैसे द्यायला मागून आले. तिथं ते लाल बांधणीचं रजिस्टर उघडं होतं. दर तासाचं रीडिंग: वेळ, सक्शन, डिस्चार्ज, ब्राइन टेंपरेचर (ज्यात बर्फाचे डबे बुडवलेले असतात त्या मिठाच्या पाण्याचं), आणि शेवटचा रकाना शेरा. त्या तासाला ब्राइन उणे नऊ होतं. कानावरची पेन्सिल काढून तुम्ही त्या ओळीच्या शेऱ्यात लिहिलंत, 'बर्फ पाण्यावर का तरंगतो. खोबरेल का नाही.' वरच्या ओळींत 'पट्टा बदलला', 'लाइट गेली २० मि.' असलं काहीबाही होतं. त्याच्याखाली माझा प्रश्न, मशीनच्या दुखण्याइतकाच कामाचा समजून नोंदवलेला.

काका, बाकी तुम्ही पुष्कळ शिकवलंत, ते पुढे लिहितेच. पण मी परीक्षेला बसले ती त्या पेन्सिलीच्या ओळीमुळे. नाहीतर फॉर्म भरूनही मी जाणार नव्हते, हे आज सांगते.

दुसऱ्या दिवशी उत्तर घेऊन आलात. रात्री भाच्याला फोन करून बीएस्सीच्या पोराची झोपमोड केली होतीत. म्हणालात, गणपतीत फुगडी घालता ना? गर्दीत खेटून उभ्या असतात तेव्हा दहा बायका दारातल्या पायरीवर मावतात. पण हात धरून फेर धरला की त्याच दहा जणींना आख्खं खळं लागतं. पाण्याचे रेणू गोठताना असेच एकमेकांचे हात धरतात, एकाला शेजारचे चार, आणि सहा-सहाच्या कड्या होऊन मधे पोकळी राहते. वितळलं की हात सुटतात, फेर मोडतो, पोकळीत बाकीचे घुसतात. म्हणून एक घनमीटर पाणी हजार किलोचं आणि तेवढाच बर्फ ९१७ किलोचा. खोबरेलाचे रेणू लांबोडके, ते गोठताना रचलेल्या लाकडांसारखे एकाला एक लागून बसतात, म्हणून ते जड होऊन तळाला जातं. आणि जगातले बहुतेक पदार्थ खोबरेलासारखेच वागतात, पाण्यासारखे आडमुठे थोडेच. सरांच्या फळ्यावरचे ठिपके खोटे नव्हते, पण बर्फाला लागू नव्हते. एवढं वाक्य त्यांना बोलता आलं असतं.

सर, मासळीबाजारात विचारलं. तिथं उत्तर मिळालं.

मग रोजचंच झालं. मला बर्फ भरून मिळेपर्यंत अर्धा तास जायचा, त्यात तुम्ही एकेक दाखवायचात. फॅक्टरीत गारवा करणारा वायू म्हणजे अमोनिया, तो मी नुसता वासानं ओळखत होते, डोळ्यांत पाणी आणणारा. तुम्ही पाइपाला हात लावायला लावलात, एक कॉम्प्रेसरच्या पुढचा (पटकन, भाजेल म्हणून), एक मागचा. वायू दाबला की तापतो. गच्चीवरच्या नळ्यांवर पाणी सोडून त्याची उष्णता काढली की त्याचा द्रव होतो. मग दाब सोडला की तोच द्रव शून्याच्या बराच खाली उकळतो (साध्या हवेच्या दाबाला उणे ३३ अंशांच्या आसपास), आणि उकळायला लागणारी उष्णता मिठाच्या पाण्यातून ओढून घेतो. उकळणं म्हणजे गरम, हे डोक्यात इतकं बसलेलं की थंडगार टाकीशेजारी उभं राहून 'हे इथं उकळतंय' हे पचायला मला दोन दिवस लागले. मग घरी सिलिंडरकडे बघितलं. त्यातही १४.२ किलो गॅस दाबून द्रवच केलेला असतो, हलवला तर डचमळतो. सणाचं जेवण करताना मोठी शेगडी बराच वेळ चालली की सिलिंडरला बाहेरून घाम येतो, तोही त्याचाच भाऊ.

एकदा तुम्ही अर्धवट झालेला डबा वर काढून दाखवलात. मालक बघता तर बोलला असता, कारण लादी व्हायला दीड-दोन दिवस जातात आणि ती मोडली. डब्याच्या भिंतींना काचेसारखा बर्फ, मधे अजून पाणी. बोट घाल म्हणालात. पाण्यातली हवा आणि क्षार बर्फाच्या फेरात मावत नाहीत, ते आत ढकलले जातात, म्हणून लादीचा मधला भाग पांढरा दिसतो. मी वीस वर्षं तो पांढरा गाभा बघत आले होते आणि फॅक्टरीवाला घाण पाणी वापरतो असं सगळ्यांना सांगत होते. त्याबद्दल सॉरी.

धंद्यालाही उपयोग झाला. आम्ही बायका बॉक्समधून पाणी गळायला लागलं की 'बर्फ फुकट गेला' म्हणून हळहळतो. तुम्ही म्हणालात, वितळला नाही तर मासा थंड कसा होणार? एक ग्रॅम बर्फाचं शून्य अंशाचं पाणी व्हायला ८० कॅलरी लागतात. तेवढ्या उष्णतेत तेच पाणी पुढे ८० अंशांपर्यंत चढलं असतं. एवढी सगळी उष्णता बर्फ माशातून घेतो आणि स्वतः शून्यावरच बसून राहतो, काटा हलत नाही. पुस्तकात त्याला अप्रकट उष्मा म्हणतात. स्कॉटलंडच्या जोसेफ ब्लॅकनं तो १७६०च्या दशकात ओळखला. आणि दीड टनाचा एसी म्हणतात तो टनही तुमच्याच धंद्यातला निघाला. एक टन बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता खाईल तेवढी ओढायची ताकद, अमेरिकन टन, म्हणजे ९०७ किलो. माझ्या दिराला अजून वाटतं की ते मशीनचं वजन.

होपच्या उपकरणाची गंमत मात्र लिहायलाच हवी. एडिंबरोच्या होपनं १८०५ साली दाखवलं की पाणी चार अंशांना सगळ्यात जड असतं. पुस्तकात आकृती होती, क्लासमध्ये 'आकृती पाठ करा' होतं. तुम्ही पाण्याची दोन लिटरची बाटली घेतलीत, तिच्या कमरेभोवती पत्र्याचा डबा कापून बसवलात, त्यात बर्फाचा चुरा आणि खडेमीठ. कुल्फीवाला करतो तसंच, मीठ घातलं की बर्फ शून्याच्या पुष्कळ खाली उतरतो. फॅक्टरीतले दोन थर्मामीटर, एक तळाशी, एक वर. आपण दोघं आणि कामावरची तीन पोरं डोळे लावून बसलो. आधी खालचा उतरत गेला, वरचा जागचा हलेना. खालचा चाराला येऊन थांबला. थांबला तो थांबलाच. मग वरचा उतरायला लागला आणि शून्यावर गेला. चाराचं पाणी जड म्हणून तळाला, त्याहून गार हलकं म्हणून वर. एका पोरानं टाळी वाजवली. तुम्ही त्याला म्हणालात, "टाळी होपाक वाजय, माका नको."

मार्चमध्ये पेपरात पाण्याचं असंगत आचरण आलं, म्हणजे हेच आडमुठेपण. मी लिहीत असताना हसत होते, सुपरवायझर दोनदा येऊन बघून गेली.

खरं सांगायचं तर तुमच्याएवढी हुशार माणसं मी पुष्कळ पाहिलीत. 'मला माहीत नाही' म्हणणारी कमी पाहिली, आणि म्हणून दुसऱ्या दिवशी उत्तर घेऊन येणारी त्याहून कमी. आमच्या बंदरावर तशी दोन-चार असतील. एक म्हातारी आहे, लिलावात चुकून जास्त बोली लागली तर पुढच्या खेपेला न मागता वळते करून देते. तिलाही कोणी कधी पत्र लिहिलं नाही. मीठ उघडं टाकलेलं पावसात पाणी होतं हे जसं सगळ्यांना ठाऊक, तसं अशी माणसं आहेत हेही ठाऊक असतं, आणि त्यामुळे कोणी बोलत नाही. मी बोलतेय. मला चोवीस वर्षं बाकी ठेवून चालणार नाही.

आता एक काम. फॅक्टरीत त्या मुलाला जुन्या रजिस्टरांचं विचारलं. कपाटावर ढीग आहे, पावसाआधी रद्दीत जाणार म्हणाला. मी स्टुलावर चढून बघितलं, सगळ्यांची बांधणी लालच. ऑगस्टचं आणि सप्टेंबरचं मिळून तीन रजिस्टरं आहेत, पानं दमटून एकमेकांना चिकटलीत, ओढली तर फाटतील. ते पान नेमकं कुठल्या रजिस्टरात, तेवढं भाच्याकरवी कळवा. ब्राइन उणे नऊ, सकाळी सहा की सात, हे मला नक्की आठवत नाही.

तुमची,
बर्फाची गिऱ्हाईक