खांब नव्हे, मोरी पाहा

मा. संपादक,
स.न.

नाशिकच्या गोदाघाटाच्या सुशोभीकरणाचा विषय निघाला की इंग्लंडमधल्या बाथ शहरातल्या रोमन स्नानगृहाचा फोटो कुणीतरी पुढे करतंच: हिरवं पाणी, भोवती खांब, वर पुतळे. त्यातले पुतळे आणि गच्ची १९व्या शतकाच्या अखेरीची आहेत. पाणी हिरवं दिसतं तेही शेवाळामुळे, कारण मूळचं छप्पर पडून गेलं. रोमनांचं काम आहे ते खांबांच्या बैठकीपासून खाली, आणि २०२७च्या सिंहस्थासाठी घाटाला हात लावणाऱ्यांनी बघायचं ते तेवढंच.

तिथे सुमारे ४६ अंश सेल्सिअसचं पाणी जमिनीतून रोज वर येतं, जवळपास ११ लाख ७० हजार लिटर. रोमन येण्याआधी ती वाफाळती दलदल होती आणि स्थानिक देवी सुलिस तिची मालकीण. रोमनांनी देवी हलवली नाही. आपली मिनर्व्हा तिच्याशी जोडली आणि गावाला नाव दिलं 'अक्वे सुलिस', सुलिसचं पाणी.

दलदलीत पाया धरण्यासाठी इ.स. ६०-७०च्या सुमारास त्यांनी आधी ओकचे खुंट ठोकून जमीन घट्ट केली. मग झऱ्याभोवती दगडी भिंत घालून तिला आतून शिशाचे पत्रे लावले. झऱ्याचं तोंड मात्र मोकळं ठेवलं. भिंतीच्या आत पाणी उंच चढलं, त्यामुळे ते नुसत्या उतारानं हौदांत जाऊ लागलं, आणि सोबत येणारी वाळू वाटेतच तळाशी बसू लागली. ती साचली की भिंतीतली झडप उघडायची. गाळ धुऊन मोठ्या मोरीत आणि तिथून एव्हन नदीत. मुख्य हौद १.६ मीटर खोल, तळाला शिशाचे ४५ पत्रे, आजही पाणी धरून आहेत. पाणी अडवणाऱ्या गिलाव्यात विटांचा चुरा घातलेला चुना, म्हणजे आपल्या वाड्यांतली चुना-सुरखीच.

(झऱ्यात शिशाचे सुमारे १३० पातळ तुकडेही सापडले. त्यातल्या कित्येकांवर आंघोळीच्या वेळी कपडे पळवणाऱ्याला शाप कोरलेले आहेत. गाठोड्यापाशी एकाला बसवून गोदाघाटावरच्या रामकुंडात उतरणाऱ्यांना याचं नवल वाटू नये.)

हे बुडालं ते पाचव्या शतकात रोमन सत्ता गेल्यावर. देखभाल थांबली, मोऱ्या तुंबल्या, पाण्याला बाहेर वाट राहिली नाही, गाळाचे थर चढत गेले आणि झऱ्यावर नंतर बांधलेली कमान झऱ्यातच कोसळली. दगड-शिसं टिकलं, झडप उघडणारा माणूस उरला नाही.

बांधकामाइतकीच पाण्याची सोय महत्त्वाची, ही समज आपल्याला परकी नाही. दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात यानं त्रिरश्मीवर, म्हणजे पांडवलेण्यात, लेणं कोरवलं तेव्हा शिलालेखात लेण्याच्या जोडीला 'पोढियो', पाण्याची टाकी, आवर्जून नोंदवली.

गोदापात्रातल्या काँक्रीटखाली कुंडांचे जिवंत झरे दडपले, ही तक्रार जुनी आहे. आपला खडक काळा पाषाण. पाणी त्याच्या भेगांतून येतं. तळ सरसकट ओतला की भेगा बुजतात आणि कुंड पूर्णपणे धरणाच्या आवर्तनावर, म्हणजे ठरावीक काळानं सोडल्या जाणाऱ्या पाण्यावर, विसंबतं. २०१६च्या उन्हाळ्यात रामकुंड कोरडं पडलं आणि टँकरनं भरावं लागलं, हे विसरण्याइतकं जुनं नाही.

म्हणून नव्या कामाच्या नकाशात खांब, दिवे, कारंजी दाखवण्याआधी झऱ्यांची तोंडं दाखवा. तळाला ओतीव काँक्रीटऐवजी सांधे मोकळे ठेवून दगड बसवा. गाळ काढायला खालच्या अंगाला झडपेची मोरी ठेवा, आणि ती दर किती दिवसांनी कोण उघडणार, हे निविदेतच लिहा. पुराचं पाणी घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला लागतं तेव्हा ही मोरी उलटी वाहू लागेल का, तेही ओतकामाआधी कागदावर तपासून घ्यावं.

— एक वाचक, पंचवटी, नाशिक