आई-बाबा, ते प्लग कुठे ठेवायचे आणि कुठे नाही

ती. आई आणि ती. बाबा,
सा. न. वि. वि.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "दुकानदार म्हणतो गीझरला आणि मोटरला पण ते मोबाईलवरून चालू-बंद होणारे स्मार्ट प्लग घ्या, स्वस्त आहेत. वायरमन म्हणतो आहेत ते पण काढून टाका, आग लागेल. ऐकू कुणाचं?" दोघांचंही अर्धं अर्धं खरं आहे, आणि ते फोनवर सांगून भागलं नसतं. दर एक तारखेला मीटरचं रीडिंग वहीत लिहिणाऱ्या माणसाला नुसतं हो किंवा नाही पुरत नाही. म्हणून सविस्तर लिहिते. वायरमनलाही वाचून दाखवा.

आधी गीझर. आपला पंचवीस लिटरचा, २००० वॅटचा. २३० व्होल्टला तो पावणेनऊ अँपिअरच्या आसपास ओढतो. दुकानदाराच्या प्लगवर १० अँपिअर लिहिलंय, म्हणजे कागदावर बसतं. पण हा भार क्षणभराचा नाही, थंडीत पाणी तापेपर्यंत सलग तेवढाच करंट जातो. प्लगच्या पोटात नखाएवढे दोन धातूचे ठिपके असतात, ते चिकटले की वीज चालू, सुटले की बंद. त्याला रिले म्हणतात. दर वेळी चालू-बंद होताना तिथे बारीक ठिणगी पडते. मोठ्या भारावर ती मोठी पडते आणि एखाद दिवशी ते ठिपके वितळून एकमेकांना चिकटून बसतात. मग मोबाईलवर "बंद" दिसतं, आणि गीझर चालूच असतो. गीझरला त्याचा थर्मोस्टॅट आहे हे खरं, पण सगळा भरवसा त्या एकावर टाकायचा नाही. १६ अँपिअरचे प्लगही मिळतात, तरी आपल्या गीझरला नकोच. लाल दिव्याचं भिंतीवरचं बटण आहे, तेच उत्तम.

मोटरचं तर त्याहून अवघड. अर्धा एचपी म्हणजे ३७३ वॅट असा हिशोब दुकानदार करतो, पण ते मोटरनं बाहेर दिलेलं काम झालं. ओढते ती त्याहून जास्त, आणि सुरू होतानाच्या त्या झटक्याला तर नेहमीच्या कितीतरी पट. बंद करतानाची ठिणगीही मोठी. शिवाय पहाटे नळाला पाणी आलंय की नाही, खालची टाकी भरलीय की नाही, हे प्लगला कळत नाही. वेळ झाली की तो मोटर लावणार आणि ती कोरडी फिरत राहणार. पहाटे अंधारात खाली उतरण्याचा त्रास वाचवायचा असेल तर वायरमनकडून टाकीत पाण्याची पातळी ओळखणारा फ्लोट आणि मोटरला कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटरचा झटका झेपणारा मोठा स्विच, नीट बसवून घेऊ. तो खर्च मी करते. त्यासाठी प्लग नको.

आता आहेत ते. व्हरांड्यातला दिवा, आतल्या बोळातला रात्रीचा दिवा आणि डासांचं मशीन. या तिघांचा मिळून भार वीस वॅटसुद्धा नाही, त्यानं प्लग फारसा तापायचं कारण नाही. तरी बोळातला कोमट लागतो म्हणालात, तर थोडी ऊब प्लगच्या स्वतःच्या आतल्या सर्किटचीही असते, पण आपलं जुनं सॉकेट सैल झालंय का हेही बघायला हवं. हे प्लग साध्या पिनेपेक्षा जड, ते खाली लोंबतात, आतली पट्टी सैल असली की पिन नुसती टेकून राहते आणि टेकलेल्या जागी ऊब धरते. सॉकेटचं तोंड काळं पडलंय का बघा. पडलं असेल तर त्याच दिवशी आयएसआय मार्कचं नवीन सॉकेट बसवून घ्या, अर्थिंग आहे का तेही तपासायला सांगा. एक्स्टेन्शन बोर्डावर मात्र प्लगावर प्लग रचायचे नाहीत.

बोळातला दिवा मला फार महत्त्वाचा वाटतो. बाबांच्या गुडघ्यांचं आणि आईच्या डोळ्यांचं आता रात्री बटण चाचपडत जाण्याचं वय नाही. तो सूर्यास्ताला लागतो आणि उजाडलं की विझतो. पावसाळ्यातला आणि थंडीतला फरक त्याचा तो सांभाळतो. लाइट जाऊन आली तर तो पुन्हा लागतो, कारण त्याला "आल्यावर चालू" असं सांगून ठेवलंय. दुसऱ्या कुठल्या वस्तूला प्लग लावायचा झाला तर ही एक गोष्ट आधी बघावी लागते. इस्त्रीला समजा असा प्लग असता आणि तीच सेटिंग असती, तर आई मोबाईलवरून ती बंद करून देवळात गेली असती, आणि मध्येच लाइट जाऊन आली की रिकाम्या घरात इस्त्री पुन्हा तापत बसली असती. म्हणून इस्त्रीला कधीच नाही.

फ्रिजलाही नाही. त्यात आईचं इन्सुलिन असतं, ते २ ते ८ अंशांत राहायला हवं. कुणाचा धक्का लागून प्लगवरचं बारीक बटण दाबलं गेलं तर रात्रभर कुणाला पत्ता लागणार नाही. आणि बाबांचं वाफेचं मशीन थेट भिंतीत. ज्याच्यावाचून कुणाची तब्येत बिघडेल ते यंत्र मध्ये काहीही न ठेवता चालायला हवं.

इंटरनेट गेलं की मोबाईलवरून दिवा ऐकत नाही, असं आई म्हणाली. त्याचं कारण असं, की तू मोबाईलवर बोट लावतेस तेव्हा तो हुकूम आधी कंपनीच्या दूरच्या सर्व्हरवर जातो आणि तिथून फिरून आपल्या बोळात येतो. दोन भिंतींच्या कामाला एवढा वळसा. स्वस्त प्लग बहुतेक असेच चालतात. कंपनीनं उद्या ते सर्व्हर बंद केले तर ॲपचा उपयोग संपला. आपल्या प्लगात वेळापत्रक आतच साठवलेलं आहे, त्यामुळे दिवा वेळेवर लागतो, आणि कडेचं बटण कधीही चालतं. गणपतीत येईन तेव्हा एक छोटा संगणक आणून टीव्हीमागे ठेवणार आहे. होम असिस्टंट नावाची फुकट प्रणाली आहे, २०१३ पासून लोक मिळून ती घडवताहेत. ती घरातल्या घरात प्लगशी बोलते. आपले प्लग तिच्याशी थेट बोलतील असं मी करून देते, आणि पुढे कधी नवीन घ्यायचा झालाच तर खोक्यावर "मॅटर" लिहिलंय का ते बघूनच घेऊ. वेगवेगळ्या कंपन्यांच्या वस्तूंनी घरातल्या घरात एकमेकांशी बोलावं म्हणून ठरवलेली ती सामायिक पद्धत आहे.

तोवर एक सांभाळा. इंटरनेटवाला आला आणि वायफायचं नाव किंवा पासवर्ड बदलतो म्हणाला तर नको म्हणा. हे प्लग वायफायच्या फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर चालतात आणि जुनंच नाव लक्षात ठेवून असतात. नाव बदललं की ते घराबाहेर पडल्यासारखे होतात.

आता ज्यासाठी मुख्यतः हे पत्र लिहायला घेतलं ते. आपलं घर सांगलीच्या गावभागात आहे. ऑगस्ट २०१९ला कृष्णा नदीचं पाणी आत आलं, जुलै २०२१ला पुन्हा पाणी शहरात शिरलं. मोबाईलवर प्लग "बंद" दिसला म्हणजे तिथे वीज नाही, असं अजिबात समजायचं नाही. प्लगच्या पिनांपर्यंत वीज असतेच, आणि आतला रिले बहुधा एकच तार तोडतो. जुन्या वायरिंगमध्ये फेज (वीज आणणारी तार) आणि न्यूट्रल (परतीची तार) उलटे जोडलेले असले तर तुटतो तो न्यूट्रल, आणि वस्तूत फेज तसाच राहतो. आयर्विन पुलाकडची पाणीपातळी वाढत चालल्याचं कळलं की पाणी दारात यायची वाट न बघता मेन स्विच हातानं पाडायचा, आणि पाय ओले असतील तर त्याला हातही लावायचा नाही, वायरमनला बोलवायचं. पाणी ओसरल्यावर भिजलेला प्लग वाळवून पुन्हा लावायचा नाही, टाकून द्यायचा.

म्हणून बाबा, दुकानदाराला देणार होतात ते पैसे प्लगांवर घालू नका. त्याऐवजी मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवून घ्या. वीज कुठे गळायला लागली, कुणाच्या अंगातून जायला लागली, तर ती क्षणात मेन तोडते. तिच्यावर "टी" लिहिलेलं बटण असतं, ते महिन्याला एकदा दाबून बघायचं. मीटर वाचायच्या दिवशीच केलंत तर विसरणार नाही. माझ्या मते घरातले सगळे स्मार्ट प्लग एका बाजूला आणि ही एक डबी दुसऱ्या बाजूला ठेवली तरी मी डबीच निवडीन.

वहीत लिहायचं असेल तर, प्लग नुसता बसून साधारण एक वॅट खातो. म्हणजे एकाचे वर्षाला पावणेनऊ युनिटच्या आसपास.

राहिली किटली. आई, तुझ्या पहाटेच्या गरम पाण्याच्या किटलीला वीज मोजणारा प्लग लावता येतो. १५०० वॅटची आहे, चार-पाच मिनिटांचं काम, चांगलं घट्ट सॉकेट असेल तर १० अँपिअरच्या प्लगला तेवढं झेपतं. मग एखाद्या सकाळी आठपर्यंत किटली लागली नाही तर माझ्या मोबाईलवर निरोप येईल आणि मी फोन करीन. मला ते हवंय. तुम्ही दोघंच असता आणि मी पुण्यात, माझा जीव रोज सकाळी तिकडेच असतो. पण त्याच प्लगवरून मला हेही कळेल की तू किती वाजता उठलीस, रात्री झोप लागली नाही म्हणून अडीचला पाणी तापवलंस का, कुणी आलं होतं का. तुझ्या स्वयंपाकघरातलं मला न सांगता मला कळावं, हे तुला चालेल का ते तू ठरव. म्हणून मी ते आणलेलं नाही. नको वाटलं तर स्पष्ट नको म्हण, मी रोज आठला फोन करत जाईन, तेवढंच.

बाबा, प्लगांचं तुम्ही ठरवा, आरसीसीबीचं वायरमनशी बोलून कळवा. किटलीचं मात्र आईनंच सांगायचं, तिच्या वतीनं तुम्ही नाही.

तुमची,
ताई